सव्वा इंच

पुण्यातल्या एका मुलाखतीत समोरच्या बाईंनी विचारलं, "तुमची पॅशन काय?" इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला ह्या प्रश्नाचं उत्तर सगळेच पाठ करून ठेवतात. मीही केलं होतं. म्हटलं, "बास्केटबॉल." त्यांनी पेन उचललं. "अरे वा! कुठल्या लेव्हलपर्यंत खेळलात?"

"गल्लीपर्यंत."

पेन खाली गेलं. घाबरल्यामुळं पुढं मी "शाळेत असताना रोज खेळायचो" असंही बोलून गेले. आमच्या बेळगावात पोरीही "मी आलो, मी जेवलो"च म्हणतात. कोल्हापूरकडंही तसंच. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, पण त्या खोलीत दोन माणसांनी माझ्या बायोडेटावरचं नाव पुन्हा एकदा वाचून पाहिलं.

नोकरी मिळाली नाही, ह्याची तक्रार नाही. रात्रीच्या लाल बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून मी विचार करत बसले की आपण खोटं बोललो का? बास्केटबॉल मला आवडतो. पण मी त्याच्याकडं गेले ते काही आतून हाक आली म्हणून नव्हे. अनगोळला आमच्या घरामागं शाळेचं ग्राउंड होतं. तिथं सगळी पोरं क्रिकेट खेळत. एका कोपऱ्यात लोखंडी खांबावर एक रिंग होती. ती कुणालाच नको होती, म्हणून तो कोपरा आम्हा चार पोरींना मिळाला. तिथं लगोरीची जागा असती तर मी आज लगोरीवर लिहीत असते.

रिंगला जाळी नव्हती. जाळी नसली की काय होतं हे खेळल्याशिवाय कळत नाही. बॉल रिंगमधून गेला की बाहेरून गेला, हे बाजूनं बघणाऱ्याला समजतच नाही. मग "गेला की!" "नाही गेला!" "आईशप्पथ गेला!" जेवढा वेळ खेळायचो त्याच्या दुप्पट भांडायचो. जाळीचा तो 'सुर्रर्र' आवाज मी पहिल्यांदा टीव्हीवर ऐकला. अमेरिकेतले सामने आपल्याकडं पहाटे-सकाळी लागतात. शाळेची वेणी घालून होईपर्यंत पाच-दहा मिनिटं बघायला मिळायची. पांढरी जाळी अशी हलायची की जणू बॉलचा पदर अडकलाय. कितीतरी दिवस मला वाटायचं की जाळी ही टीव्हीवाल्यांनी लावलेली शोभा आहे, लग्नातल्या झिरमिळ्यांसारखी.

टीव्हीचं म्हणाल तर आमच्या वयाची माणसं दोन पेग झाल्यासारखी हळवी होतात. "आपल्या वेळची कार्टून्स म्हणजे काय होती!" मी मध्यंतरी त्यातली काही पुन्हा बघितली. बरीचशी कंटाळवाणी आहेत. खरी मजा त्या कार्टूनमध्ये नव्हतीच, ती रिमोट कुणाच्या हातात आहे ह्यात होती. संध्याकाळी आज्जीला 'होम मिनिस्टर' लागायचं. आदेश बांदेकर पैठणी घेऊन आपल्या गल्लीत कधी येणार, ह्याची ती खरोखर वाट बघायची. त्या वेळेला ती गाऊन न घालता साडी नेसून बसायची. त्यामुळं माझ्या वाट्याला दुपारचा दीड तास.

सीमाभागातल्या केबलवर तीन भाषांची खिचडी असते. हिंदीत भीम लाडू खातोय, मराठीत सासू रडतेय, कन्नडमध्ये कुणीतरी कुणाच्यातरी मागं नारळाच्या बागेतून पळतोय. २००९ साली कन्नडमध्ये मुलांसाठी 'चिंटू टीव्ही' सुरू झालं. मला चिंटू म्हणजे चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा, १९९१ साली 'सकाळ'मध्ये सुरू झालेला तीन चौकटींतला चिंटू माहीत. आमच्या घरी 'तरुण भारत' यायचा, म्हणून वाचनालयातून आणलेल्या त्याच्या पुस्तकांची मी पारायणं केलेली. मला वाटलं, पोरगं भलतंच पुढं गेलं! स्वतःचं चॅनल काढलं आणि कन्नडही शिकलं! आठवडाभर मी त्याच्या मित्राची, पप्पूची, वाट बघत ते चॅनल लावून बसले. पप्पू आला नाही, पण कन्नड थोडं थोडं आलं. आज कारखान्यात जे बोलते त्यातलं निम्मं तिथलं आहे, म्हणून माझ्या तोंडी अजूनही काही शब्द कार्टूनमधल्या सशासारखे निघतात असं मैत्रिणी म्हणतात.

एका कार्यक्रमाबद्दल मात्र माझं मत आजही बदललेलं नाही. जावेद जाफरीच्या आवाजातलं ते जपानी 'ताकेशीज कॅसल'. मूळ १९८६ ते १९९० मधलं, म्हणजे आम्ही बघत होतो तेव्हा त्यात चिखलात पडणाऱ्या पोरांना स्वतःची पोरं झालेली असणार. शंभराहून जास्त माणसं अडथळ्यांची शर्यत सुरू करायची आणि संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळी पाण्यात. कोणी घसरून, कोणी दारावर नाक आपटून. आणि पडलेला माणूस हसत हसत बाहेर यायचा! आमच्याकडं तेव्हा सगळ्या चॅनलांवर गाण्याच्या स्पर्धा चालल्या होत्या. एक पोर बाहेर पडलं की वाद्यं रडायला लागायची, परीक्षक डोळे पुसायचे, आई स्टेजवर यायची. हरलं तर एवढं सगळं करावं लागतं, हे मला त्या स्पर्धांनी शिकवलं, आणि काहीही करावं लागत नाही, हे त्या चिखलानं.

आता मोजमापाची गोष्ट सांगते.

सहावीत असताना शाळेच्या एका पुस्तकात वाचलं की रिंग जमिनीपासून दहा फूट असते. माझ्या मनात आलं, आपली आहे का? बाबा उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कामासाठी आधी सागवानाचा हुबेहूब नग करायचा, तो वाळूत दाबून साचा घ्यायचा, हे त्यांचं काम. त्यांच्या पेटीत एक दोन फुटी पोलादी पट्टी होती. त्या पट्टीला हात लावायचा नाही असा नियम होता, म्हणजे ती घरातली सगळ्यांत चांगली पट्टी असणार. मी ती गुपचूप काढली, एका बांबूवर पाच वेळा ठेवून खिळ्यानं खुणा केल्या, आणि दहा फुटांचा बांबू रिंगला लावला. बांबू रिंगच्या वर गेला! चांगला सव्वा इंच!

म्हणजे आमची रिंग बुटकी होती. म्हणजे शेजारच्या गल्लीतल्या पोरींनी आमच्याविरुद्ध टाकलेले सगळे बास्केट बाद होते. (आमचेही होते, पण ते त्या वेळेला सुचलं नाही.) मी बांबू घेऊन गल्लीभर फिरले. शाळेच्या पीटीच्या सरांनाही सांगितलं. ते म्हणाले, "आधी तिथवर उडी मार जा, मग सव्वा इंचाचं बघू." शेजारच्या गल्लीशी आमचं बोलणं बंद झालं.

चौथ्या दिवशी बाबांना बांबू दिसला. त्यावरच्या खुणा बघून त्यांनी विचारलं, "कशानं मोजलीस?" मी पट्टी दाखवली. बाबा जे हसायला लागले ते थांबेनात. आईला हाक मारली, तिलाही सांगितलं, पुन्हा हसले.

"अगं, ती ओतकामाची पट्टी हाय की! लांब हाय ती!"

वितळलेलं बीड गार होताना मीटरमागं साधारण दहा मिलिमीटर आटतं. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. प्रत्येक मापाला हिशेब करत बसायला नको म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच मुळात लांब असते. तिच्यावरचा एक फूट खऱ्या फुटापेक्षा शेकडा एकानं मोठा. "गार झाल्यावर कमी होतंय, म्हणून आधीच वाढवून धरायचं," बाबा म्हणाले. दहा फुटांत शेकडा एक म्हणजे जवळजवळ सव्वा इंच. रिंग बरोबर होती. बांबू चुकला होता.

शेजारच्या गल्लीत जाऊन माफी मागण्यापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची रुखरुख लागली. दरवर्षी वाढदिवसाला बाबा मला दाराच्या चौकटीला उभं करून माझी उंची मोजायचे. कुठल्या पट्टीनं? त्याच. म्हणजे आजवर मी कागदावर जेवढी होते त्यापेक्षा थोडी उंचच होते. त्या रात्री टेप आणून पुन्हा मोजायला लावलं. उभ्या उभ्या अर्धा इंच वाढले! आज्जीनं त्याचं श्रेय बास्केटबॉलला दिलं. पोरगी खेळायला जाते ते तिला चाललं होतं ते केवळ "उंची वाढते, पुढं स्थळाला बरं" म्हणून. वाढली पाच फूट एक इंचापर्यंत. नंतर बास्केटबॉलनंही हात टेकले. अमेरिकेच्या एनबीए ह्या व्यावसायिक लीगमध्ये मग्सी बोग्स नावाचा पाच फूट तीन इंचांचा खेळाडू होता, हे मी आज्जीला सांगितलं, तर ती म्हणाली, "त्याचं लग्न झालंय काय?"

दहा फूटच का, हे मला पुढं कळलं, आणि तेव्हापासून ह्या खेळावर माझा खरा जीव बसला. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएत जेम्स नेस्मिथ ह्या शिक्षकाला थंडीत बंद व्यायामशाळेत खेळण्याजोगा खेळ हवा होता. त्यानं शिपायाकडं खोकी मागितली. खोकी नव्हती, शिपायानं पीचच्या टोपल्या आणून दिल्या. त्या व्यायामशाळेच्या आतल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता. संपलं. सव्वाशेहून जास्त वर्षं जगभर रिंग दहा फुटांवर आहे ती एवढ्याचसाठी. कठडा नऊ फुटांवर असता तर पीटीच्या सरांनीही उडी मारून दाखवली असती.

आणि शॉट घ्यायची ती चोवीस सेकंदांची मुदत. १९५० साली एनबीएतला एक सामना १९-१८ असा संपला. पुढं असलेला संघ बॉल घेऊन नुसता उभा राहायचा. सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन ह्यांची बोलिंग अॅली होती, म्हणजे बॉल घरंगळवून पिना पाडायच्या खेळाची जागा. धंदेवाईक माणूस, रिकामं स्टेडियम त्याला कसं बघवणार? रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण एकशेवीस शॉट मारतात, असं त्यानं धरलं. सामना अठ्ठेचाळीस मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंद. भागिले १२०. चोवीस. १९५४ पासून चोवीस सेकंदांत शॉट घ्यायचा, असा नियम झाला. लोकांना डंक, म्हणजे उडी मारून बॉल वरून रिंगमध्ये कोंबणं, आवडतो, रिंगला लोंबकळणं आवडतं. मला हा भागाकार आवडतो. तिसरीतल्या पोराला येणाऱ्या भागाकारानं खेळ वाचला.

पॅशनवाल्यांशी माझं जमत नाही ते इथंच. २०१५ मध्ये पंजाबचा सतनाम सिंग एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत, ५२ व्या क्रमांकावर निवडला गेला, पहिलाच भारतीय. तेव्हा सगळीकडं 'स्वप्नांचा पाठलाग' वगैरे छापून आलं. पोरगं सात फुटांच्या वर! एवढ्या उंच पोराला घरच्यांनी दुसरीकडं कुठं धाडायचं होतं? पुढं तो व्यावसायिक कुस्तीत गेला, तेव्हा मात्र स्वप्नाचं नाव कुणी काढलं नाही. मला तो दोन्हीकडं आवडला.

मी सध्या हत्तरगीच्या बाजूला एका कारखान्यात विमानाचे सुटे भाग तपासते. दिवसभर सीएमएम नावाच्या मापं घ्यायच्या मशीनवर. सुईच्या टोकाला माणकाचा बारीक मणी असतो. तो अॅल्युमिनियमला टेकला की मशीन 'टक्' म्हणतं आणि पडद्यावर आकडा येतो. खोली कायम वीस अंशांवर, कारण धातू उकाड्यात फुगतो. मे महिन्यात बाहेरून आले की आधी नग गार व्हायला ठेवतात, मग आम्ही होतो. आमचे सुपरवायझर काचेतून डोकावून विचारतात, "एष्ट ऐती?" म्हणजे किती आहे? मी आकडा सांगते. पंधरा मायक्रॉन जास्त असला तरी नग बाजूला. केसाची जाडीसुद्धा त्याच्या काही पट असते, पण बाजूला म्हणजे बाजूला. तिथं मला अजून कुणी पॅशन विचारलेली नाही. बाबांनी एकदाच विचारलं, "पट्टी कुठली वापरता?"

गेल्या महिन्यात रविवारी ग्राउंडवर गेले. शाळेनं तिथं काँक्रीट केलंय. रिंगला जाळी आलीय, निळी, बहुधा कुठल्यातरी मासे पकडायच्या जाळ्याची. दोन पोरं खेळत होती. मला राहवलं नाही, गाडीच्या डिकीतला टेप काढला, खांबाला लावला. नऊ फूट दहा इंच. काँक्रीटच्या थरानं जमीन वर आलीय आणि रिंग तिथंच. पुन्हा मोजलं. नऊ दहाच.

"अक्का, काय मोजूलालीस?" त्यातला लहान आला.

"रिंग. दोन इंच कमी हाय."

त्यानं वर बघितलं, खाली बघितलं, आणि त्यात त्याला काही विशेष वाटलं नाही. मग म्हणाला, "माझी मोज की."

खांबाला पाठ लावून उभा राहिला. मी टेप डोक्यावर टेकवला. त्यानं टाचा उचलल्या होत्या, दोन बोटं तरी. चेहरा एकदम सरळ, श्वास धरलेला.

"एकशे अडतीस," मी म्हटलं.

"बघ!" तो दुसऱ्यावर ओरडला आणि बॉल घेऊन पळाला.