बेळगावहून वेंगुर्ला ते विजयदुर्ग: घरासकट किनाऱ्यावर

बेळगावात कुणी ‘समुद्राला जाऊया’ म्हटलं की गाडी आपोआप चोर्ल्याच्या दिशेला वळते आणि गोव्यात जाऊन थांबते. आम्ही या खेपेला हिंडलग्याच्या बाजूने निघालो. धाकट्या भावाने जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅराव्हॅन करून घेतली आहे. आत चौघांची झोपायची सोय, दोन शेगड्यांचा ओटा, पाण्याची टाकी, छोटा फ्रिज, मागच्या कोपऱ्यात कॅसेट टॉयलेट (खालचा मैल्याचा डबा काढून रिकामा करता येतो असं) आणि छतावर सोलर पॅनेल. मी, बायको, भाऊ आणि आई असे चौघे. जायचं ठरलं सिंधुदुर्गात, शिरोड्यापासून विजयदुर्गापर्यंत. उतरायचं आंबोलीने आणि चढायचं फोंडा घाटाने. शेवटी निपाणीवरून पुन्हा आपल्याच जिल्ह्यात.

निघण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. समुद्राला चिकटून जाणारा आणि खिडकीतून सतत लाटा दिसणारा रस्ता इथे नाही. दर थोड्या अंतरावर खाडी आत घुसलेली असते. रस्ता तिला वळसा घालत आत जातो, पूल गाठतो आणि पलीकडच्या तीरावरून पुन्हा किनाऱ्याकडे येतो. त्यामुळे नकाशावर बोटभर दिसणारं अंतर गाडीने तासाभराचं होतं. भोगव्याच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की कर्ली नदीच्या मुखापलीकडे देवबाग समोर दिसतं आणि होडीने काही मिनिटांत पोचता येतं. गाडीने मात्र परुळ्याकडून नेरूरपारच्या पुलावर जायचं, तिथून मालवण आणि मग तारकर्ली. म्हणून या किनाऱ्याचं नियोजन किलोमीटरवर न करता खाड्यांवर करा. दोन खाड्यांच्या मध्ये एक मुक्काम धरायचा, मोठी गाडी तिथेच उभी ठेवायची आणि आजूबाजूचं सगळं पायी, रिक्षाने नाहीतर होडीने बघायचं. कॅराव्हॅन रोज हलवायची वस्तू नाही, निदान कोकणात तरी नाही.

कागदपत्रांचं आधी उरकतो. मूळ प्रवासी गाडीची कॅराव्हॅन केली असेल तर आरटीओची मंजुरी आणि आरसीवर तशी नोंद हवीच. ती नसेल तर अपघातानंतर विम्याच्या वेळी नको ती प्रश्नोत्तरं होतात. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीला अशा फेरीसाठी महाराष्ट्रात वेगळं परमिट लागत नाही. पिवळ्या पाटीची भाड्याने घेतलेली असेल तर ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे ना, ते मालकाला आधी विचारा. आणि सीमाप्रश्नावरून वातावरण तापलेलं असेल, दोन्हीकडच्या बस थांबलेल्या असतील, तर त्या आठवड्यात बेत पुढे ढकला. आपण घरात मराठी बोलतो हे पाटीवरच्या ‘केए २२’ला सांगता येत नाही. बाकी वेळी या पाटीचा गंमत सोडून काही त्रास नाही. वेंगुर्ल्यात एका दुकानदाराने पाटी बघून मोडक्यातोडक्या हिंदीत भाव सांगायला सुरुवात केली. आईने ‘अवो, मराठीत सांगा की’ म्हटल्यावर गडी मोकळा हसला आणि कोकमाची दोन पाकिटं जास्तीची बांधून दिली. पैसे अर्थात घेतले.

बेळगाव सोडताना टाकी भरून घ्या. पाणी, तांदूळ आणि भाजीही घरूनच न्या. खाली बाजारात मिळणारी भाजी बरीचशी घाटावरून उतरलेलीच असते. आपलीच वांगी तिथे जाऊन चढ्या दराने विकत घेण्यात मजा नाही. मासे, सोलं, नारळ मात्र तिथलेच घ्या. आणि कुंद्याचे दोन-तीन डबे जास्तीचे ठेवा. कुणाच्या खळ्यात (अंगणात) गाडी लावायची परवानगी मागताना तो डबा फार कामाला येतो.

शिनोळी, पाटणे फाटा करत चंदगड तालुका ओलांडला की आंबोली. बेळगावपासून साधारण ७० किलोमीटर. रेल्वे येण्याआधी बेळगावच्या कॅम्पाचा माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरायचा आणि घाट चढून वर यायचा. म्हणजे वाट जुनीच, आपण ती उलटी धरायची. घाट दिवसाउजेडी उतरा. पावसाळ्यात दरड आणि धुकं, दोन्ही असतात, आणि उंच गाडीला बाजूचा वाराही जाणवतो. भरलेली कॅराव्हॅन ब्रेकवर उतरवायची नसते. ज्या गिअरमध्ये चढवली असती त्याच गिअरमध्ये सोडायची आणि ब्रेक नुसता टेकवायचा. खाली दाणोलीला आल्यावर दहा मिनिटं थांबून चाकांजवळ हात नेऊन पाहा. हाताला चटका बसेल इतकी धग लागली तर अजून थांबा. धबधब्यापाशी माकडांना खायला द्यायला गाडीचं दार उघडू नका. आत ओटा आहे हे त्यांना आपल्याआधी कळतं.

सावंतवाडीत मोती तलावाला एक फेरी मारून आम्ही शिरोड्याला गेलो. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तेच हे शिरोडं, आणि मिठागरं आजही गावाच्या अंगाला आहेत. वेळागरच्या किनाऱ्यामागे सुरूचं बन आहे. सावली छान असते, त्यामुळे गाडी थेट आत घालायचा मोह होतो. घालू नका. सुरूच्या काड्यांचा थर वरून घट्ट वाटतो, पण खाली भुसभुशीत वाळू असते आणि चार टनांची गाडी तिच्यात आपल्या वजनानेच बसते. चाक आणखी फिरवलं की आणखी खोल जाते. डांबरी संपते तिथे गाडी थांबवायची आणि पुढे पायी जायचं. त्याच काड्या उन्हाळ्यात बारुदासारख्या पेटतात, तेव्हा बनात शेगडी पेटवायची नाही आणि चूल तर नाहीच. इथून रेडीला जाऊन गणपतीचं दर्शन घ्या. तेरेखोलवरून पुढे गोव्यात उतरायचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा की तिकडे किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करायला बंदी आहे आणि दंड होतो.

रात्रीच्या मुक्कामासाठी आम्ही एकच रीत ठेवली. उजेड असतानाच गावात शिरायचं, एखाद्या घरगुती खानावळीत जेवण सांगायचं आणि मग गाडी लावू का म्हणून विचारायचं. जेवण सांगितलेलं असलं की नाही म्हणणारं कोकणात विरळाच. निवतीला अशीच विचारणा केली तर घरच्या म्हाताऱ्या आजोबांनी भावाला गाडी पुढे घे म्हणून खुणावलं. त्याने जिथे उभी केली तिथे वर बघून म्हणाले, “हंय नको रे झिला. वर माड आसा. नारळ पडलो तर काच फुटतली.” आम्ही सगळे वर बघायला लागलो. सोलर पॅनेलच्या बरोब्बर वर आठ-दहा नारळांचा घड लोंबत होता. गाडी आंब्याखाली नेली. तेव्हा माड चुकवा, हा सल्ला माझा नाही, त्या आजोबांचा.

वीज घ्यायची तर आधी ठरवून घ्या आणि पैसे द्या. जाड वायरची लांब एक्स्टेन्शन आणि १५ अँपिअरचा प्लग सोबत हवा. पाणी विहिरीचं असेल तर आधी विचारा आणि उन्हाळ्यात चाखूनही बघा, कारण समुद्राजवळच्या काही विहिरी तेव्हा मचूळ होतात. टॉयलेटची कॅसेट यजमानांच्या परवानगीने त्यांच्या शौचालयातच रिकामी करायची. खाडीत, व्हाळात किंवा झुडपामागे ओतायची नाही. हे लिहावं लागतं याचीच लाज वाटते, पण एका ठिकाणी आमच्या आधी आलेल्या कुणीतरी तेच केलं होतं आणि त्याबद्दलचं बोलणं आम्ही ऐकून घेतलं.

निवतीच्या अलीकडे, वेंगुर्ल्याजवळ वायंगणीचा किनारा आहे. तिथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं बाहेर पडली की समुद्राच्या उजेडाकडे धावतात, आणि किनाऱ्यावर दुसरा उजेड असला तर वाट चुकतात. गाडीचे बाहेरचे दिवे, ती शोभेची एलईडी पट्टी, सगळं अशा किनाऱ्यावर बंद. भावाने हौसेने लावलेली निळी पट्टी तिथपासून घरी येईपर्यंत बंदच होती आणि कुणालाही तिची आठवण झाली नाही.

निवतीलाच सकाळी रापण बघायला मिळाली. होडीने समुद्रात अर्धगोल सोडलेल्या लांबलचक जाळ्याची दोन टोकं किनाऱ्यावर आणलेली असतात. दोन रांगा ती ओढतात. दोर कमरेशी अडकवून एकेक पाऊल मागे, टाचा वाळूत रुतवत. मागचा गडी शेवटाला पोचला की दोर सोडतो आणि पळत पुन्हा पाण्याशी जाऊन पुढे लागतो. बराच वेळ काहीच दिसत नाही, नुसता ओला दोर आणि हाकारे. मग पाण्यात चंदेरी खळबळ सुरू होते, घारी खाली येतात आणि टोपल्या घेतलेल्या बायका सरसावतात. भाऊ आणि मीही दोराला लागलो. तळहात सोलपटले आणि ओढणाऱ्यांना मिळतो तसा थोडा वाटा आम्हालाही मिळाला: मूठभर तारली आणि दोन बांगडे. तुम्ही लागणार असाल तर आधी विचारा आणि अंगठी, घड्याळ काढून ठेवा. मासे गाडीच्या आत तळू नका. गादीला लागलेला वास निपाणीपर्यंत येतो. शेगडी बाहेर, वाऱ्याच्या आडोशाला मांडायची आणि गॅसचं छोटं ५ किलोचं सिलिंडर पुरतं.

भरती-ओहोटीसाठी ॲप आहेतच, पण आजोबांचा हिशेब पाठ करून ठेवावा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट काढायची, तेवढे वाजता पूर्ण भरती. शुद्ध असो की वद्य. अष्टमीला सहा, पंचमीला पावणेचार. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरून सव्वाअकरा. सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढी सूट ठेवायची. गाडी भरतीच्या रेषेच्या किती वर आहे ते बघताना वाळूवरची ओली खूण धरू नका. काटक्या, नारळाची सोडणं, बाटल्या यांची जी वरची ओळ साचलेली असते, ती खरी.

मालवणला गाडी शहरातच ठेवा. तारकर्ली-देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मधली चिंचोळी पट्टी. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, वर लोंबणाऱ्या वायरी. समोरून बस आली की मागे घ्यायला जागा नसते. आमची उंची पॅनेलसकट साडेनऊ फूट. हा आकडा कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवून ठेवला होता, आणि वाडीत शिरताना एक जण खाली उतरून पुढे चालायचा. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी मालवणच्या धक्क्यावरून सुटते. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कामाला सुरुवात केलेला हा किल्ला, आत महाराजांचं मंदिर आणि गोड्या पाण्याच्या विहिरी. सकाळी पहिल्या होड्यांपैकी एखादी धरा. पावसाळ्यात होड्या बंद असतात. संध्याकाळी धक्क्यावरचा माशांचा लिलाव बघण्यासारखा आहे, पण फुकटची गर्दी करून मधे उभं राहू नका. तो त्यांचा धंद्याचा वेळ.

मालवणच्या पुढे आचरा, कुणकेश्वर, देवगड. माझ्या मते गाडी चालवायला हाच भाग सगळ्यात सुखाचा. गर्दी कमी, सडे (जांभ्याची पठारं) मोकळे आणि चढावर आलं की समुद्र एकदम खाली दिसतो. कुणकेश्वराचं देऊळ अगदी किनाऱ्यालाच आहे. महाशिवरात्रीच्या जत्रेत मोठी गाडी घेऊन तिकडे फिरकू नका. मिठमुंबरी-तारामुंबरीच्या पुलावरून देवगडला जाणं जवळ पडतं. विजयदुर्गाला किल्ला आहेच, पण खरा आराम गिर्ये आणि आसपासच्या सड्यावर मिळतो. जमीन जांभ्याची, चाक रुतायचं भय नाही. वारा मात्र रात्री गाडी हलवतो. तोंड वाऱ्याकडे करून उभी करा आणि बाजूचं छत गुंडाळून ठेवा.

हवेचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात दुपारी पत्र्याच्या डब्यात बसणं अशक्य. दारा-खिडक्यांना मच्छरदाणी हवीच. सकाळी काचेवर खारं दव बसलेलं असतं. त्यावर कोरडा वायपर फिरवला तर काचेवर ओरखडे उठतात, आधी तांब्याभर गोडं पाणी ओता. रोख पैसे ठेवा. वाड्यांमध्ये रेंज जाते आणि यूपीआय चक्राकार फिरत राहतं.

परतीला देवगड-निपाणी रस्ता धरला. फोंडा घाट आंबोलीपेक्षा कमी गर्दीचा वाटला. वर दाजीपूरचं जंगल, मग राधानगरी. गवे रस्त्यावर येतात, म्हणून हा पट्टा अंधारात करू नका आणि दिसले तर हॉर्न न वाजवता थांबा. निपाणीला महामार्ग लागला की पुढे हत्तरगीचा टोल आणि बेळगाव. फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना ते आदल्या रात्रीच बघून ठेवा.

घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, नुसती वरून चकचकीत नाही. चाकांच्या आतला भाग, पायरीची सांध, मागच्या दाराच्या बिजागऱ्या, सोलर पॅनेलचे नट. पाण्याची टाकी पूर्ण रिकामी करा, गाद्या उभ्या करून उन्हात टाका आणि बिजागऱ्यांना ग्रीस लावा. आमच्या मागच्या दाराच्या वरच्या बिजागरीवर आठवड्यातच तांबूस डाग उठले होते.