रेडॉनची डबी आणि एक रिकामा रकाना

आधीच सांगते, घरातला रेडॉन वायू मोजायला चाचणीची डबी लावलीत, तर ती बंद केल्याची वेळ फॉर्मवर लिहा. नुसती तारीख नाही, वेळ. माझा तो एक रकाना रिकामा राहिला आणि दीड महिना पाण्यात गेला.

आम्ही अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डे मॉइन शहराजवळ राहतो. इथल्या 99 च्या 99 काउंट्या रेडॉनच्या सर्वाधिक धोक्याच्या गटात. हिमनद्यांनी आणून टाकलेल्या मातीतल्या युरेनियमपासून रेडियम, रेडियमपासून हा किरणोत्सारी वायू. त्याला ना रंग, ना वास. थंडीत घरातली गरम हवा वर चढते आणि बेसमेंटच्या भेगांमधून जमिनीतली हवा आत ओढली जाते.

जानेवारीत चाचणीची डबी आणली (आत रेडॉन शोषून घेणारा कोळसा असतो), बेसमेंटमध्ये स्टुलावर ठेवली. (जमिनीपासून निदान 20 इंच वर हवी. स्वयंपाकघर, बाथरूम नको.) चाचणीच्या 12 तास आधीपासून खिडक्या बंद. सांगलीहून आलेल्या सासूबाई फोडणी टाकली की खिडकीकडे धावायच्या. "अगं, घर कोंदलंय!" चार दिवस मी पहारा दिला. शनिवारी सकाळी सातला डबी बंद केली आणि घाईत पोस्टात टाकली. सोमवारी मार्टिन ल्यूथर किंग दिनाची सुट्टी आहे, हे ध्यानातच नव्हतं.

आठवड्याने प्रयोगशाळेची ईमेल: वेळ नाही, नमुना बाजूला ठेवलाय. लगेच फोन केला, सकाळी सात म्हणून सांगितलं. फोनवर चालत नाही, ईमेल करा. ईमेल केली, तर उत्तर आलं, किट क्रमांक कळवा. तो छापलेला डबीच्या पाठीवर, आणि डबी त्यांच्याच टेबलावर! परत फोन. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कथा. शेवटी त्यांनी नावावरून डबी शोधली आणि एक बाई गोड आवाजात म्हणाल्या, आता उशीर झाला, नमुना बाद. रेडॉन 3.8 दिवसांत निम्मा होतो, त्यामुळे कोळशात मोजण्यासारखं फारसं उरत नाही. म्हणजे चूक माझी, मान्य. पण तो निम्म्याचा निम्मा होत होता, तेव्हा मी ह्यांच्याच फोनवर संगीत ऐकत होते ना! बदली डबी फुकट पाठवतो म्हणाल्या. तीन आठवडे मी रोज टपालपेटी उघडून बघत होते.

शेवटी दुसरीकडची डबी विकत आणली. ह्या वेळी क्रमांकाचा आणि भरलेल्या फॉर्मचा फोटो काढला, मंगळवारी टाकली, ट्रॅकिंगसकट. निकाल 9.2 पिकोक्युरी प्रति लिटर (हवेतला रेडॉन ह्या एककात मोजतात). 4 किंवा वर गेलं की दुरुस्ती करा, असं सरकार सांगतं. पहिल्या डबीनेच हे कळलं असतं.

दुरुस्तीला एकच दिवस लागला. फरशीखालून पाइप, त्याला पंखा, हवा छताच्या वर. पाइपवर रंगीत द्रवाची इंग्रजी यू अक्षरासारखी नळी असते. दोन्ही बाजूंचा द्रव एका पातळीत नसला की पंखा ओढतोय. सासूबाई रोज सकाळी जाऊन बघून यायच्या. नंतरची चाचणी 0.9. तीही करायचीच, नळी फक्त पंख्याचं सांगते, रेडॉनचं नाही.

फुकटची बदली डबी मे महिन्यात आली. तेव्हा घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या.