शॅड अपडेट: सातपैकी पाच काठावर!

परवा संध्याकाळी डेलावेअर नदीवर सात शॅड (समुद्रातून नदीत अंडी घालायला येणारा मासा) गळाला लागले आणि पाच नेटमध्ये आले. सातपैकी पाच! आधीचे दोन अपडेट ज्यांनी वाचलेत त्यांना कळेल मी एवढी का उड्या मारतेय, कारण तोपर्यंतचा या सीझनचा माझा हिशोब होता सोळा लागले आणि दोन मिळाले. बाकीचे चौदा कुठे गेले याच्यावर मी तीन आठवडे डोकं फोडलंय, आणि उत्तर शेवटी रॉडमध्ये नव्हतं, लाईनमध्ये नव्हतं, माझ्या पायात होतं. सांगते.

डार्ट, म्हणजे शिशाचं डोकं असलेला छोटा रंगीत गळ, किती खोल न्यायचा हे कोडं मागच्या वेळीच सुटलं होतं. पाव औंसाचा डार्ट, धारेला आडवा पण जरा वरच्या अंगाला टाकायचा, बुडू द्यायचा, मग लाईन ताणून कमानीत फिरू द्यायचा आणि फिरणं संपलं की तिथेच दोनतीन सेकंद लटकवत ठेवायचा. बाईट बहुतेक त्या लटकण्यातच येतो. समुद्रातून नदीत शिरलेला शॅड जवळजवळ काही खात नाही, नाकासमोर काही वळवळलं तर बहुधा चिडून तोंड मारतो, त्यामुळे डार्ट दोन फूट वरून गेला तर ढुंकूनही बघत नाही. ते आता जमतंय. बाईट येतायत, रॉड वाकतोय, ड्रॅग (मासा ओढू लागला की रीळमधून लाईन सोडणारा ब्रेक) किरकिरतोय, मासा एकदा चांदीसारखा उलटा चमकतो आणि मग... सैल. नुसती सैल लाईन. ज्यांनी अनुभवलंय त्यांना माहितीये पोटात कसा खड्डा पडतो ते.

सगळे सांगतात शॅडचं तोंड कागदासारखं असतं. मला ते शब्दशः कधी पटलं नव्हतं, पण एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी एक मोठी मादी अगदी दहा फुटांवरून सुटली आणि डार्ट हातात घेतला तर गळाला एक पातळ पापुद्रा अडकलेला, कांद्याच्या पाकळीवरची आतली साल असते ना तसा. उजेडात धरला तर आरपार दिसत होतं. तेवढ्याशा सालीवर मी चार-पाच पौंडांचा मासा धारेच्या विरुद्ध ओढत होते! त्या दिवशी ठरवलं, एकेक गोष्ट बदलून बघायची, एका वेळी एकच, आणि वहीत लिहायचं.

पहिला ड्रॅग. सामान तोलायचा छोटा काटा असतो ना, तो लाईनला लावून मोजलं तर माझा ड्रॅग अडीच पौंडांवर सुटत होता. मला वाटत होतं हलका आहे! एक पौंडावर आणला. त्या दिवशी तीन लागले, शून्य मिळाले, फक्त आता सुटायच्या आधी जास्त वेळ पळत होते.

मग लाईन. ब्रेड (अनेक धागे विणून केलेली लाईन) काढली, सहा पौंडी मोनो (एकाच धाग्याची नायलॉन लाईन) भरली. ब्रेड जवळजवळ ताणलीच जात नाही, माशाने डोकं झटकलं की सगळा झटका थेट त्या पापुद्र्यावर. मोनो रबरासारखी थोडी देते. याने फरक पडला, नक्की पडला, आणि शॅडसाठी काठावरून ब्रेड वापरणाऱ्यांशी मी आता वाद घालायला तयार आहे. होडीतून खोल सोडायची तर गोष्ट वेगळी.

मग रॉड. माझा साडेसहा फुटी फास्ट ॲक्शनवाला (फक्त शेंड्याला वाकणारा) बाजूला ठेवला आणि सेकंडहँड साडेसात फुटी, पार मुठीपर्यंत वाकणारा लाईट रॉड घेतला. दुकानात हलवून बघितला तेव्हा ओल्या वेतासारखा वाटला होता, पाण्यावर मात्र त्याच्याइतका गोड रॉड मी धरलेला नाही. या दोन बदलांनंतर सहा लागले, एक मिळाला. एक तर एक, पण दिशा बरोबर होती.

मग गळ. इथे मात्र माझा खरा संताप झालाय. मागच्या हिवाळ्यात एका ऑनलाईन विक्रेत्याकडून पन्नास डार्ट एकदम मागवले होते, स्वस्त पडले म्हणून. नाव लिहीत नाही, पण डार्ट घेताना दोन गोष्टी बघाच. एक, नेढं रंगाने बुजलेलं आहे का, माझ्या निम्म्या डार्टांचं होतं, पहाटे थंडीत बोटं बधिर झालेली असताना सुईने तो रंग खरवडत बसावं लागलं. दोन, गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून सरकवायचं, रुतलं तर धारदार, घसरलं तर बोथट. पन्नासातले एकतीस घसरले. मी सगळे कानशीने घासून काढले, दोन संध्याकाळी गेल्या. आणि डेलावेअरच्या तळाला एकदा दगडाला लागला की टोक पुन्हा जातं, म्हणून आता प्रत्येक अडकण्यानंतर नखावर बघते. हे सगळं करूनही पुढच्या ट्रिपला पाच लागले, एक मिळाला.

इथे मी हरले होते असं म्हटलं तरी चालेल. वही बंद केली, मुलाला घेऊन नुसतीच लॅम्बर्टव्हिलला गेले, नदीच्या न्यू जर्सीच्या काठावरच्या गावात, लुईस बेटावरची जाळ्याची ओढ बघायला. ज्यांनी बघितली नाही त्यांनी एकदा जाऊन बघाच. लुईस कुटुंब १८८८ पासून तिथे शॅड धरतंय, तेच लांब ओढजाळं, वल्ह्याची होडी, आणि प्रत्येक ओढीत किती आले त्याची नोंद. शॅडच्या संख्येचा अभ्यास करणाऱ्यांना त्या नोंदी इतक्या महत्त्वाच्या आहेत की जाळ्यात मासे कमी आले तरी ती ओढ फुकट जात नाही. फिलाडेल्फियाच्या खाली घाणीमुळे पाण्यातला ऑक्सिजन संपायचा आणि शॅडला वर यायची वाटच बंद व्हायची, अशी कित्येक वर्षं त्या लोकांनी काढलीयत. सांडपाण्याचं काम झालं, पाणी सुधारलं आणि मासे परत आले. मला त्या जाळ्याकडे बघताना दर वेळी भरून येतं.

तर आम्ही काठावर उभे. होडी वर गेली, मग आडवी नदीत शिरली, मागे जाळं सुटत गेलं. माझं लक्ष काठावरच्या माणसाकडे होतं ज्याच्या हातात जाळ्याचं दुसरं टोक असतं. तो ओढत नव्हता! जाळं धारेबरोबर खाली वाहत होतं आणि तो दोर धरून काठाकाठाने त्याच्याबरोबर खाली चालत होता, आरामात. ओढायला सुरुवात केली ती अगदी शेवटी, खाली, जिथे पाणी संथ होतं तिथे. मुलगा म्हणाला, "आई, ते नदीशी भांडत नाहीयेत." मी त्याच्याकडे बघतच राहिले.

कारण मी नेमकं तेच करत होते. माझ्या नेहमीच्या जागी, पडलेल्या सिकॅमोरच्या झाडाजवळ, मासा लागतो तो माझ्या खालच्या अंगाला, डार्ट लटकतो तिथे. मी जागेवर पाय रोवून त्याला धारेतून वर ओढायचे. शॅड अंगाने चपटा आणि उंच, धारेत आडवा झाला की फळीसारखं पाणी अडवतो. मग गळावर नुसता चार पौंडांचा मासा नसतो, त्याच्यावर ढकलणारी अख्खी नदी असते, आणि ते सगळं त्या कांद्याच्या सालीवर. ड्रॅग कितीही सैल करा, रॉड कितीही मऊ घ्या, भोक मोठं होतच जाणार. आणि तो पहिला एकटा मासा मिळाला तेव्हा मी काय केलं होतं? वहीत लिहिलंय, "पाय घसरला, खाली पाचसहा पावलं गेले." लिहून ठेवलं होतं आणि वाचलं नव्हतं!

परवा ट्रेंटनच्या गेजवर (नदीची पातळी मोजतात तिथे) पाणी उतरत होतं, तापमान तेरा अंश सेल्सिअस, आभाळ भरलेलं. शॅडबुशच्या झुडपांचा पांढरा फुलोरा काठावर अजून होता. मी आधी तासभर मासा न धरता फक्त काठ चालून बघितला, कुठे दगड सैल आहेत, कुठे शेवाळ आहे, वेडर्स (पाण्यात उतरायची रबरी विजार) घालून रॉड हातात असताना कुठून जाता येईल, आणि चाळीस पावलांवर खाली एक संथ खळगा सापडला, पाणी जेमतेम मांडीपर्यंत. बेल्ट घट्ट बांधला (वेडर्सचा बेल्ट सैल ठेवून नदीत उतरू नका, प्लीज), आणि साडेसहाला पहिला लागला. रॉड आडवा खाली झुकवला, लाईन फक्त ताणलेली ठेवली, आणि चालायला लागले. माशाला वाटेल तिकडे जाऊ दिलं, मी त्याच्या समोर येईपर्यंत. समोर आले तशी ती धारेतली थरथर कमी झाली, हातालाच कळलं, मग बाजूने हलकेच वळवला आणि तो स्वतःच संथ पाण्यात शिरला. नर होता, अडीचेक पौंडांचा. हात ओले करून पाण्यातच धरला, गळ काढला, तरीही तळव्याला सातआठ खवले चिकटलेच, नखाएवढे मोठे, नाण्यासारखे. सोडला.

दुसरा सुटला. तिसरा, चौथा, पाचवा आले. सहावा सुटला, त्याच्या वेळी मी घाईने नेट पुढे खुपसलं ही माझी चूक, नेट बुडवून स्थिर धरायचं आणि मासा त्याच्यावर आणायचा. सातवी मादी, भरलेली, काळोख पडता पडता. तिच्या वेळी मी जवळजवळ साठ पावलं चालले असेन आणि सगळा वेळ श्वास रोखून. चार सोडले, ही एक ठेवली.

आता लिहिता लिहिता एक डोक्यात येतंय. प्लॅन असा होता की गुरुवारी वर बुल्स आयलंडला जायचं, तिथे मासे पोचले असणार. पण जागा निवडताना मी आजवर मासा कुठून जाईल एवढंच बघत आले, धारेची कड, खोल पट्टा वगैरे. खाली उतरायला वाट कुठे आहे हे कधी बघितलंच नाही. मग न्यू होपच्या बाजूचा, म्हणजे समोरचा पेनसिल्व्हेनियाचा काठ का नको? जर्सीचं लायसन्स डेलावेअरच्या दोन्ही काठांवर चालतं. तो काठ मी अजून पायी बघितलेला नाही. बुल्स आयलंड रद्द, गुरुवारी आधी तिकडे रॉडशिवाय जाऊन यायचं.

आणि डार्ट स्वतः ओतायचे, हेही ठरलं. साचा बघून ठेवलाय, गळ माझ्या पसंतीचे, जरा रुंद तोंडाचे, म्हणजे पापुद्र्यापेक्षा जबड्याच्या कोपऱ्यात बसायची शक्यता वाढेल. रंग लाल-पांढरा आणि एक पोपटी. नेढ्यात रंग जाऊ नये म्हणून टूथपिक घालून रंगवायचं. शिसं वितळवायचं म्हणजे अंगणातच, मुलाला लांब ठेवून. कोणी ओतत असाल तर साचा आधी किती तापवता ते सांगा, शिसं अर्ध्यात गोठू नये म्हणून विचारतेय.

कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या ताईंनी विचारलं होतं की हे तिकडे चालेल का. नक्की चालेल, मासा एकच आहे, १८७१ मध्ये सेथ ग्रीनने इकडची पिल्लं रेल्वेने तिकडे नेऊन सोडली त्यांचेच हे वंशज. तुमचा रन (शॅड नदीत चढायचा मोसम) मे-जूनमध्ये, तेव्हा आत्ताच काठ चालून ठेवा.

ठेवलेल्या मादीची गाबोळी काल केली. मीठ, हळद, लाल तिखट, आगळ लावून अर्धा तास, मग तांदळाच्या पिठात घोळवून अगदी मंद आचेवर, झाकण ठेवून, नाहीतर फुटते आणि तव्यावर सगळीकडे उडते. रेवदंड्याला आजोबा भिंग (हिलसा) आणायचे तेव्हा गाबोळीवरून आम्हा भावंडांत भांडणं व्हायची, आणि चव खरंच त्याच घराण्यातली आहे, काटेही तसेच बारीक आणि असंख्य. आईला व्हिडिओवर दाखवली तर ती म्हणाली, "अगं, एवढी मोठी? आजोबांना दाखवायला हवी होतीस."

गेज अजून उतरतंय. गुरुवारी सकाळी साडेपाचला निघतेय, काठ बघून झाला की कुठे उभं राहता येतं ते लिहिते.