टॉवरनं ओळख कधी दाखवायची?

मी सांगलीत डिप्लोमाच्या मुलांना मोबाईल कम्युनिकेशन शिकवते. विषयाची सुरुवात मी फळ्यावर एक प्रश्न लिहून करते. फोन टॉवरला आपली ओळख पटवतो, पण टॉवर फोनला पटवतो का? मुलं एकमेकांकडं बघतात. टॉवर कंपनीचाच असणार, त्याला कसली ओळख विचारायची, असं त्यांना वाटतं. टू-जी घडवणाऱ्यांनीही साधारण तसंच धरलं होतं. त्या काळी टॉवरची यंत्रं इतकी महाग होती की कुणी खोटा टॉवर उभा करील, हा धोका मोठा मानला गेला नाही.

फोनची ओळख पटवण्याची पद्धत मात्र सुंदर आहे, आणि ती शिकवताना मला आजही आनंद होतो. सिममध्ये १२८ बिटांची एक गुप्त किल्ली असते. तीच किल्ली कंपनीच्या ऑथेंटिकेशन सेंटरमध्ये असते, तिसरीकडं कुठंही नाही. नेटवर्क फोनला एक वाटेल तो आकडा पाठवतं. सिम तो आकडा आणि किल्ली एकत्र घोळवून उत्तर काढतं. कंपनीही आपल्याकडं तेच गणित करते. उत्तरं जुळली की फोनला प्रवेश. प्रश्न हवेतून जातो, उत्तर हवेतून येतं, किल्ली कधीच बाहेर पडत नाही. खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो, तसंच हे. हात सगळ्या बाजाराला दिसतात, आकडा दोघांनाच कळतो.

पण टू-जीत ही परीक्षा फक्त फोनची. टॉवर काहीच सिद्ध करत नाही. वर संभाषण कुलूपबंद करायचं, म्हणजे सांकेतिक करून पाठवायचं, की उघडं ठेवायचं, हेही टॉवरच ठरवतो. म्हणजे कुणी खोटा टॉवर गाडीत ठेवून जोरात सिग्नल सोडला, तर आसपासचे फोन त्याला चिकटतात आणि त्यानं सांगितलं तर कुलपाशिवाय बोलतात. गणितही पुढं कच्चं निघालं. अनेक कंपन्या सिममध्ये वापरत होत्या ती कॉम्प-१२८ ही पद्धत १९९८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी फोडली आणि सिममधली किल्ली बाहेर काढून दाखवली. २००९ मध्ये कार्स्टन नोल या जर्मन संशोधकानं टू-जी संभाषणाचं ए-५/१ हे कुलूप उघडण्यासाठी लागणारे तक्ते तयार करण्याचं काम जगापुढं मांडलं.

थ्री-जीपासून टॉवरमागच्या नेटवर्कलाही ओळख द्यावी लागते. प्रश्नासोबत एक खूण येते, सिम ती आपल्या किल्लीनं तपासतं आणि खूण खोटी असेल तर उत्तरच देत नाही. फोर-जीत हेच आणखी पक्कं झालं. तरी एक फट राहिली. ओळख पटण्याआधीचे काही संदेश उघडेच असतात. ‘तुझा कायमचा क्रमांक सांग’ असं टॉवरनं विचारलं की फोर-जीचा फोन तो सांगून टाकतो. हा आपला मोबाईल नंबर नव्हे, तर सिमचा स्वतःचा, आपल्याकडं ४०४ किंवा ४०५ नं सुरू होणारा पंधरा अंकी क्रमांक. फाइव्ह-जीत तो कंपनीच्या सार्वजनिक किल्लीनं झाकून पाठवायची सोय आहे; या किल्लीनं झाकणं कुणालाही जमतं, उघडणं फक्त कंपनीला. मात्र फाइव्ह-जी जिथं फोर-जीच्याच कोअरवर, म्हणजे टॉवरमागच्या मुख्य यंत्रणेवर चालतं, तिथं ही सोय मिळत नाही. फोनच्या वरच्या पट्टीत ५जी दिसलं म्हणजे ती मिळाली, असं समजू नये.

त्याच उघड्या संदेशांतून खोटा टॉवर फोर-जीच्या फोनला टू-जीवर ढकलू शकतो. तिथं मग जुना सगळा कच्चेपणा हजर. पॅरिसमध्ये २०२२ च्या अखेरीस पोलिसांना एका गाडीत असं यंत्र सापडलं होतं. त्यातून लोकांना आरोग्यविम्याच्या नावानं खोटे एसएमएस जात होते. असा एसएमएस कंपनीच्या यंत्रणेतून जातच नाही, त्यामुळं कंपनीची गाळणी त्याला अडवू शकत नाही.

हे सगळं आमच्या मामांना सांगितलं तर ते म्हणतात, ‘आमच्याकडं कोण गाडीतनं टॉवर घेऊन येतंय गं?’ मामा मार्केट यार्डात हळदीचे व्यापारी. त्यांच्यावर वेळ आली ती दुसऱ्याच वाटेनं. ऐन सौद्यात त्यांच्या फोनची रेंज गेली. आधी सिम बदलण्याविषयीचे मेसेज येऊन पडले होते, ते गडबडीत कुणी वाचले नाहीत. मामांच्या नावाचा खोटा कागद दाखवून कुणीतरी एका काउंटरवरून त्यांच्या नंबरचं नवं सिम घेतलं होतं.

इथं १२८ बिटांची किल्ली काही करू शकत नाही. आपला नंबर सिममध्ये राहत नाही, तो कंपनीच्या नोंदीत राहतो. नोंद नव्या सिमकडं वळली की जुनं सिम निरुपयोगी, आणि नव्याची किल्ली अगदी खरी असल्यामुळं नेटवर्क त्याला मानानं आत घेतं. गणितज्ञांनी घेतलेली सगळी मेहनत काउंटरवरच्या दोन मिनिटांच्या कंटाळ्यावर येऊन थांबते, याचा मला खरोखर राग येतो.

मामांचं खातं वाचलं, कारण सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद ठेवण्याचा दूरसंचार विभागाचा नियम आहे. चोराला ओटीपी मिळालाच नाही. मुनीमजींनी दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवलं, खातं थांबवलं, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही, तो नियमही याच चोरीसाठी आहे. म्हणून रेंज अचानक गेली आणि शेजारच्याच्या त्याच कंपनीच्या फोनला आहे, तर संध्याकाळची वाट बघू नका.

मामांच्या फोनला मी सिमचा पिन लावून दिला. फोनच्या लॉकपेक्षा तो वेगळा. फोन चोरून सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी पिनशिवाय ते चालत नाही, मग ओटीपीही येत नाहीत. तीनदा चुकला की पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम उघडायचा कंपनीकडचा आकडा लागतो, तो दहादा चुकला की सिम कायमचं बाद. त्यामुळं पीयूके आधीच मिळवून कागदावर लिहून ठेवावा. काउंटरवरची चोरी याने थांबत नाही, हेही मामांना सांगितलं.

अँड्रॉइडच्या अनेक नव्या फोनांत सिमच्या सेटिंगमध्ये टू-जी बंद करायचं बटण आहे. आयफोनमध्ये लॉकडाउन मोड, म्हणजे कडक सुरक्षेची सेटिंग चालू केली की टू-जी बंद होतं. जमेल त्यांनी बंद करावं, असं मी वर्गात सांगते. पण देशभर टू-जीच बंद करा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. यार्डातल्या कित्येक हमालांकडं बटणांचे फोन आहेत. आणि २०१९ च्या महापुरात गच्चीवर अडकलेल्या माणसाला रेंजची एक काडी किती मोलाची होती, ते सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. अँड्रॉइडमध्ये टू-जी बंद केलेलं असलं तरी आणीबाणीचा कॉल टू-जीवरून लागतो.