चौथ्या दिवसापासून फुकट

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरच्या आसपास राहणाऱ्या स्कीइंगवेड्यांचा पुढचा हिवाळा मार्चमध्येच ठरतो. चालू मोसमाचा बर्फ अजून वितळलेला नसतो, तेव्हाच पुढच्या मोसमाचे पास, म्हणजे एकदाच पैसे भरून मोसमभर स्कीइंग करू देणारी तिकिटे, विक्रीला येतात, उन्हाळा सरत जातो तशी त्यांची किंमत चढत जाते आणि डिसेंबरच्या सुरुवातीला विक्री बंद होते. २०२५-२६ च्या मोसमासाठी व्हेल रिसॉर्ट्स या स्की-रिसॉर्ट चालवणाऱ्या कंपनीचा एपिक पास १,०५१ डॉलरपासून आणि तिच्या प्रतिस्पर्धी अल्टेरा कंपनीचा आयकॉन पास १,३२९ डॉलरपासून विकायला निघाला. ऐन मोसमात व्हेल इथल्या रिसॉर्टच्या तिकीटखिडकीवर एका दिवसाचे तिकीट मात्र तीनशे डॉलरच्या वर जाते. म्हणजे एपिक पासचे पैसे चौथ्या दिवशी वसूल होतात आणि त्यानंतरचा प्रत्येक दिवस फुकट पडतो. गर्दीबद्दल आम्ही सगळेच कुरकुरतो. तिचे मूळ मला या फुकटपणात दिसते.

व्हेलने २००८ मध्ये ५७९ डॉलरला हा पास आणला, त्यामागचा हिशेब व्यवसाय म्हणून चोख होता. ज्या धंद्याचे सारे उत्पन्न आभाळावर अवलंबून, त्याने बर्फ पडण्याआधीच पैसे हाती घेतले तर कोरड्या हिवाळ्याचा फटका बराचसा ग्राहकाच्या खिशावर ढकलता येतो, आणि त्या बदल्यात ग्राहकाला भरघोस सवलत देणे परवडते. अल्टेराने २०१८ मध्ये आयकॉन आणल्यावर उत्तर अमेरिकेतले बहुतेक नामांकित डोंगर या दोहोंपैकी एका पासवर आले. पास घ्यायलाच हवा असे वाटावे म्हणून खिडकीवरचे तिकीट महाग ठेवणे हा या रचनेचाच भाग आहे, आणि त्याची झळ बसते ती एकदाच येऊन पाहणाऱ्याला. नाताळच्या सुट्टीत पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना एका दिवसाचे माणशी पंचवीस हजार रुपयांहून अधिक पडतात हे सांगताना आपल्यालाच ओशाळल्यासारखे होते.

पास हाती असला की माणूस फेऱ्या मोजत नाही, हे मुंबईच्या लोकलने वर्षानुवर्षे प्रवास केलेल्यांना वेगळे सांगायला नको. पूर्वी शनिवारी जायचे की नाही हे ठरवताना त्या दिवसाच्या तिकिटाचा विचार करावा लागे. आता फक्त हवामानाचा अंदाज पाहावा लागतो, आणि तो सगळ्यांना एकच दिसतो. शुक्रवारी रात्री ताजा बर्फ पडला की शनिवारी पहाटे डेन्व्हरहून डोंगराकडे जाणाऱ्या आय-७० महामार्गावर आयझेनहावर बोगद्याच्या अलीकडे गाड्यांची रांग लागते, कारण त्या दिवशी घरी बसून कोणाचाही एक डॉलर वाचत नाही. मंगळवारी त्याच डोंगरावर लिफ्टच्या, म्हणजे तारेला टांगून माणसांना वर नेणाऱ्या, खुर्च्या रिकाम्या वर जातात. या व्यवस्थेचा एक खरा लाभही नोंदवायला हवा: तिकीट वसूल करण्याचे दडपण नसल्यामुळे मी लेकीला घेऊन सकाळी दोन-तीन तास उतारावर काढतो आणि गर्दी वाढू लागली की निघतो. तीनशे डॉलर मोजले असते तर पाय थकल्यावरही लिफ्ट बंद होईपर्यंत कोणी हलले नसते.

२०२१ मध्ये व्हेलने पासच्या किमती वीस टक्क्यांनी उतरवल्या आणि २१ लाखांहून अधिक पास विकले. त्याच हिवाळ्यात वॉशिंग्टन राज्यातल्या स्टीव्हन्स पास नावाच्या व्हेलच्या रिसॉर्टवर कर्मचारी मिळेनात, डोंगराचा मोठा भाग बंद राहिला आणि कंपनीविरुद्धच्या अर्जावर ४० हजारांहून अधिक सह्या झाल्या. हा दोष केवळ पासच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण मनुष्यबळाची टंचाई तेव्हा सर्वत्र होती आणि पुढच्या मोसमात व्हेलने किमान वेतन ताशी २० डॉलर केले. तरीही पैसे मार्चपासून गोळा होत होते आणि सेवा द्यायची वेळ डिसेंबरमध्ये आली, हे अंतर तिथे उघडे पडले.

गर्दीवर रिसॉर्टांचे ठरलेले उत्तर म्हणजे नवी, वेगवान लिफ्ट. यात एक गंमत आहे, जी फार कमी लोक लक्षात घेतात. चार आसनांची जुनी लिफ्ट आणि चार आसनांची वेगवान लिफ्ट यांची ताशी माणसे वर नेण्याची क्षमता जवळपास सारखीच असते, कारण दोन्हींत खुर्च्या ठरावीक सेकंदांच्या अंतरानेच येतात. फरक पडतो तो वर पोचायला लागणाऱ्या वेळात, जो सुमारे निम्मा होतो. म्हणजे एरवी जी माणसे हवेत खुर्चीवर बसून असती, ती आता उतारावर तरी असतात किंवा खाली रांगेत तरी. आसने वाढवली तर रांग घटते खरी, पण मग उतार भरतात, आणि दाटीने माणसे घसरत असलेल्या उतारावर नवशिक्याच्या उरात जी धडकी भरते तिच्यापुढे रांगेतली पंधरा मिनिटे मला सोसवतात. युटा राज्यातल्या पार्क सिटीत व्हेलच्या नव्या दोन लिफ्टना रहिवाशांनी २०२२ मध्ये हरकत घेतली आणि नगराच्या नियोजन मंडळाने परवानगी अडवली, तेव्हा आलेले साहित्य व्हेलने कॅनडातल्या व्हिसलर या आपल्याच रिसॉर्टला पाठवून दिले. ती हरकत मला तेव्हा आडमुठी वाटली होती, आज तितकीशी वाटत नाही.

लिफ्टपेक्षा वाहनतळाकडे पाहणाऱ्यांना प्रश्न अधिक नेमका कळला, असे माझे मत आहे. युटातल्या सॉलिट्यूड रिसॉर्टने २०१९-२० मध्ये गाडीत जितकी माणसे कमी तितके वाहनतळाचे शुल्क जास्त असा नियम केला. कोलोरॅडोतल्या अरापाहो बेसिन या रिसॉर्टने तर त्याच वर्षी व्हेलबरोबरची दोन दशकांहून जुनी भागीदारी सोडली, कारण एपिकधारकांच्या गाड्यांना तिथे जागाच उरली नव्हती. पुढे ते आयकॉनवर आले ते मोजक्या दिवसांपुरते, आणि स्वतःच्या पासची व तिकिटांची विक्रीही त्यांनी मर्यादित ठेवली. कमी माणसे घेऊनही डोंगर चालवता येतो, हे त्या काही वर्षांत तिथे जाणाऱ्या प्रत्येकाने अनुभवले.

२०२४ मध्ये अल्टेराने अरापाहो बेसिन विकत घेतले. त्यानंतर पूर्ण आयकॉन पासवरची तिथली दिवसांची मर्यादा गेली आणि शनिवार-रविवारी वाहनतळावरची जागा आधी आरक्षित करणे आवश्यक झाले. पास कितीही दिवसांचा असला, तरी शनिवारी किती गाड्या आत जाणार हे आता त्या आरक्षणावर ठरते.