राव्हेन्नात गॉथ शोधायचे तर खांबांकडे बघा

इटलीत येणारी आपली मंडळी रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस करून परततात. बोलोन्याहून साध्या ट्रेनने साधारण सव्वा तासावर असलेलं राव्हेन्ना राहून जातं. पण गॉथ या जर्मानिक टोळ्यांनी उभारलेलं काही डोळ्यांनी बघायचं असेल, तर यायचं इथेच.

‘रानटी टोळ्या आल्या आणि रोम बुडालं’ एवढंच शाळेत शिकलेलं असतं. ऑस्ट्रोगॉथांचा (म्हणजे पूर्वेकडच्या गॉथांचा) राजा थिओडोरिक मात्र लहानपणी पूर्व रोमन साम्राज्याच्या राजधानीत, कॉन्स्टॅन्टिनोपलला ओलीस म्हणून वाढलेला, आणि ४८९ मध्ये इटलीत उतरला तोही तिथल्या सम्राटाच्या संमतीने. तेव्हा इटलीवर ओडोएकरचं राज्य होतं, आणि तो ज्यात तळ ठोकून होता ते दलदलीत वसलेलं राव्हेन्ना काही केल्या पडेना. अखेर ४९३ मध्ये त्याच्याशी तह झाला आणि काही दिवसांतच थिओडोरिकने त्याला मेजवानीत ठार केलं. पुढे ५२६ पर्यंत राज्य केलं ते रोमन अधिकारी आणि रोमन कायदे सांभाळूनच.

आधी सांत आपोलिनारे नुओव्हो गाठा. ही त्याची राजवाड्याची चर्च. गॉथ एरियन या ख्रिस्ती पंथाचे (येशूला देवपित्याच्या बरोबरीचा न मानणारे), म्हणजे कॅथलिकांच्या लेखी पाखंडी. बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या सैन्याने ५४० मध्ये शहर घेतलं आणि पुढे भिंतींवरच्या मोझाइकमधला (रंगीत तुकडे जडवून केलेल्या चित्रांमधला) गॉथ दरबार उखडून तिथे हुतात्म्यांची मिरवणूक बसवली. बहुतेक जण ती सोनेरी मिरवणूक बघत पुढे सरकतात. तुम्ही आत शिरल्यावर उजव्या भिंतीवरचा, दाराजवळचा राजवाडा बघा. माणसं काढून कमानींत पडदे भरलेत, पण खांबांवर आलेले हात आणि बोटं तशीच राहिलीत! खांब फोडायचा कंटाळा केला असणार. छोटी दुर्बीण जवळ असू द्या, चित्रं बरीच उंचावर आहेत.

एरियन बाप्तिस्मागृह दहा मिनिटांवर. जमीन खचत गेल्याने ते रस्त्याच्या पातळीखाली गेलंय.

थिओडोरिकची समाधी रेल्वेमार्गापलीकडे, स्टेशनपासून पायी वीसेक मिनिटं. छप्पर म्हणजे समुद्रापलीकडच्या इस्त्रिया द्वीपकल्पातून समुद्रमार्गे आणलेली एकच शिळा: व्यास दहा मीटरहून जास्त, वजन दोनशे टनांच्या वर. कडेला बारा दगडी कान आहेत. शिळेला मोठी चीर गेलीय. वीज पडली ही दंतकथा. बसवताना धक्का लागला असावा, हे जास्त पटतं.

चर्चच्या एकत्रित तिकिटात समाधी येत नाही, तिचं तिकीट वेगळं काढावं लागतं. वेळाही आदल्या दिवशीच तपासा.