आमची वाटचाल: कोल्ड रूम, महापूर आणि तो थर्मोकोलवाला

आम्ही कोल्हापुरात हॉटेलं, खानावळी आणि केटरर लोकांना कच्चं चिकन-मटण पुरवतो. २०१२ ला दोन डीप फ्रीझरवर सुरुवात, मग शिरोली एमआयडीसीत कोल्ड रूम टाकली. लोक हसायचे, कारण आमच्याकडं 'फ्रीजचं मटण' म्हणजे शिवीच. सकाळी कापलं, दुपारी रश्श्यात, हेच डोक्यात. अहो पण मे महिन्यात ते कापल्यापासून हंड्यात पडेपर्यंत कुठं कुठं फिरतं बघा की, ५ ते ६० डिग्रीच्या मधे जंतूंची जत्राच भरते. आणि कापल्या कापल्या एकदम गार केलं तर मटण आखडतं, चामट होतं, म्हणून आम्ही दमानं ४ वर आणतो, हे कुणाला पटवायचं.

पटलं ते शाहूपुरीतल्या खानावळीच्या आक्कांना. स्वतः प्रोब, म्हणजे सुईसारखा थर्मामीटर, घेऊन लेगपीसमधे हाडाजवळ खुपसायच्या, आकडा थांबेपर्यंत हलायच्या नाहीत, ५ च्या वर गेला की "ने बाबा माघारी". राग यायचा, पण असलं गिऱ्हाईक नशिबानं मिळतं.

मग २०१९ चा ऑगस्ट. पंचगंगा चढली, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, लाईट गेली. पाणी आमच्या दारात आलं नाही, पण जनरेटर चालला तोवर चालला, मग पंपावर डिझेलच मिळेना. कुणी दार उघडू नये म्हणून पोरं खुर्ची टाकून दारातच बसली, तरी लॉगरवर, म्हणजे तापमान नोंदवणाऱ्या यंत्रावर, ७, ९, १२ असं चढतच गेलं. सगळा माल चुना टाकून पुरला. एक केटरर अर्ध्या भावात मागत होता, हळद-मीठ लावून खपवतो म्हणाला, हाकलला त्याला. विमावाले म्हणाले मशीनला पाणी लागलेलं नाही, मग नुकसान कसलं?

हेही सोसलं असतं. पण आमच्याच लाईनीतला एक, नाव घेत नाही, थर्मोकोलच्या डब्यात बर्फ टाकून मोपेडवर माल फिरवणारा, त्यानं हॉटेलाहॉटेलात सांगितलं की ह्यांनी पुरातलाच माल फ्रीझ करून ठेवलाय. निम्मी गिऱ्हाइकं गेली. वर्षाखेरीला मटणाच्या दराचं आंदोलन पेटलं ते वेगळंच. कोल्ड रूम विकायला काढली होती. तेव्हा आक्का आल्या, लॉगरचे कागद आणि खड्ड्याचे फोटो मागितले, चष्मा लावून एकेक तारीख वाचली आणि दुसऱ्या दिवसापासून ऑर्डर डबल. शेजारच्या हॉटेलवाल्यांनापण त्यांनीच ओढून आणलं.

पुढची वर्षं बरी गेली. आता रीफर, म्हणजे आतून गार राहणारी, गाडी आहे, पावसाळ्याआधी डिझेल भरून ठेवतो.

विचारलं नाहीत तरी सांगतो. फ्रीजच्या दारात कागद अडकवून दार लावा, कागद सहज ओढून आला तर गॅस्केट (दाराच्या कडेचं रबर) गेलं, आजच बदला. कच्चं चिकन सगळ्यात खालच्या कप्प्यात, नाहीतर त्याचं पाणी खालच्या कोशिंबिरीत गळतं. फ्रोझन माल ओट्यावर नाही, आदल्या रात्री फ्रीजमधेच सोडवा. आणि नळाखाली चिकन धुवायची हौस सोडा, शिंतोडे सगळ्या किचनभर उडतात. डिस्प्लेवरचा आकडा हवेचा असतो, मटणाचा नाही, प्रोब घ्या, लय महाग नसतो.

तो थर्मोकोलवाला अजून फिरतोय, परवाच राजारामपुरीत दिसला, डब्यातनं लाल पाणी गळत होतं आणि वर स्टिकर, 'फ्रेश अँड हायजेनिक'.